खालच्या गटात जाण्यासाठी अर्ज

कंपनीच्या कामासाठी २०१८ मध्ये मी अटलांटाला गेलो, तेव्हा अमेरिकन फुटबॉलबद्दल मला एवढंच माहीत होतं, की तो पायापेक्षा हाताने जास्त खेळतात. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. खेळाडू हेल्मेट आणि पॅड चढवून एकमेकांवर आदळतात. सामना संपला की कुणाचं हाड मोडलं, याची चर्चा गुणांइतकीच होते.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर टेस्टिंगचं काम करणारा एक सहकारी होता. वयाने माझ्यापेक्षा थोडा लहान, कृष्णवर्णीय, जॉर्जियातल्याच सव्हाना स्टेट विद्यापीठात शिकलेला. सोमवारी सकाळी सगळा मजला शनिवारच्या कॉलेज सामन्यांवर तावातावाने बोलायचा आणि हा कॉफीचा मग घेऊन गप्प बसायचा. एकदा मी विचारलं, "तुमच्या कॉलेजचा संघ नाही का?"

"आहे ना. पुढच्या वर्षी आम्ही खालच्या डिव्हिजनमध्ये जातोय. स्वतःहून."

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आपण रणजी बघत मोठे झालेले लोक. तिथे एलिट आणि प्लेट असे गट असतात; हरत राहिलं की खाली, जिंकलं की वर. पण तो "स्वतःहून" हा शब्द ज्या आवाजात म्हणाला, त्याचा अर्थ कळायला मला महिनाभर लागला.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांना खाली ढकलणारा कुणी नसतो. एनसीएए नावाची संस्था आहे, तिचे तीन डिव्हिजन आहेत. कोणत्या डिव्हिजनमध्ये राहायचं हे विद्यापीठ आपल्या खिशाकडे बघून ठरवतं. डिव्हिजनच्या आत 'कॉन्फरन्स' असतात, म्हणजे दर वर्षी आपापसात खेळायचं ठरवलेल्या विद्यापीठांचे गट. साधारण आपल्या सोसायटीसारखं समजा: आधीचे सभासद होकार देतील तेव्हा नवा आत येतो. त्यामुळे एखादं विद्यापीठ वीस वर्षं हरत राहिलं तरी पैसे आहेत तोवर वरच्या मजल्यावर राहू शकतं. खाली यायचं तर मात्र जाहीर करावं लागतं, अर्ज करावा लागतो, आणि जुन्या शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून म्हणावं लागतं, की आम्हाला परत घ्या.

सव्हाना स्टेटने नेमकं हेच केलं. एप्रिल २०१७ मध्ये जाहीर केलं आणि २०१९ मध्ये ते डिव्हिजन वनमधून डिव्हिजन टूच्या एसआयएसी या कॉन्फरन्समध्ये परतले. 'परतले' म्हणायचं कारण, पूर्वी ते तिथलेच होते.

हे विद्यापीठ लहान असलं तरी त्याचा इतिहास लहान नाही. १८९० मध्ये स्थापन झालेलं जॉर्जियातलं कृष्णवर्णीयांसाठीचं हे पहिलं सरकारी कॉलेज. पहिले अध्यक्ष रिचर्ड राइट गुलामगिरीत जन्मले होते. यादवी युद्धानंतर अटलांटातल्या शाळेत आलेल्या एका जनरलने मुलांना विचारलं, की उत्तरेकडच्या लोकांना तुमचा काय निरोप सांगू? त्यावर लहानग्या रिचर्डने, आम्ही वर येतोय असं सांगा, असं उत्तर दिल्याची गोष्ट तिथे अजून सांगतात. पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये नाव काढलेला शॅनन शार्प याच कॉलेजचा. ऐंशीच्या दशकात तो खेळला तेव्हा ते डिव्हिजन टूमध्येच होते, हे विशेष.

मग २००२ मध्ये ते डिव्हिजन वनमध्ये चढले. मोठं नाव, टीव्ही, जास्त विद्यार्थी, ही आशा. फुटबॉलमध्ये डिव्हिजन वनलाही दोन मजले आहेत, एफबीएस आणि एफसीएस. सव्हाना स्टेट त्यातल्या खालच्या, एफसीएस मजल्यावर. तिथे फुटबॉल संघाला तेव्हाच्या नियमांप्रमाणे ६३ पूर्ण शिष्यवृत्त्यांपर्यंत देता येत होत्या. डिव्हिजन टूमध्ये ३६. नियम 'देता येतात' म्हणतो. ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत, त्याने काय करायचं ते नियमात नसतं. पुढे २०१० मध्ये त्यांना एमईएसी या कॉन्फरन्समध्ये जागा मिळाली. त्यातलं डेलावेअर स्टेट सव्हानाहून सुमारे हजार किलोमीटरवर. फुटबॉलचा संघ म्हणजे पाच-दहा पोरं नव्हेत, खेळाडू-प्रशिक्षक मिळून पलटणच असते. शिवाय इतर खेळांचे संघही तेवढंच अंतर तुडवणार.

हा खर्च भागवायचा एक रस्ता मला नव्याने कळला. त्याला गॅरंटी गेम म्हणतात. बलाढ्य विद्यापीठ लहान विद्यापीठाला ठरलेली रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावतं. लहान संघ हरणार हे दोघांनाही माहीत असतं. बलाढ्य संघाला हंगामाच्या सुरुवातीला सोपा विजय आणि तिकीटविक्री, लहान संघाला चेक. सप्टेंबर २०१२ च्या १ तारखेला सव्हाना स्टेट ओक्लाहोमा स्टेटकडून ८४-० असं हरलं. आठवड्याने फ्लोरिडा स्टेटकडून ५५-०. आणि तोही सामना वादळामुळे तिसऱ्या भागातच थांबवला म्हणून. दुसऱ्या डावात घड्याळ न थांबवता पळतं ठेवलं होतं, म्हणजे लवकर सुटका व्हावी. सट्टेबाजांनी फ्लोरिडा स्टेटला सत्तर गुणांच्या वर झुकतं माप दिलं होतं. दोन सामन्यांचे मिळून मिळाले ८,६०,००० डॉलर. तेव्हाच्या दराने पावणेपाच कोटी रुपयांच्या आसपास.

माझा सहकारी त्या वर्षी तिथे विद्यार्थी होता. दिवसा कॉलेज, रात्री गोदामात काम. वसतिगृहाच्या टीव्हीवर त्यांनी ओक्लाहोमाचा सामना लावला होता. "चाळीस झाल्यावर कुणीतरी आवाज बंद केला," तो म्हणाला. "टीव्ही मात्र कुणी बंद केला नाही."

अशा लहान विद्यापीठांत खेळांचा मोठा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून निघतो. तिकिटं आणि टीव्हीचे पैसे वरच्या मजल्यावरच्यांना. म्हणजे गोदामात रात्रपाळी करून फी भरणारा मुलगाच त्या ८४-० चा एक प्रायोजक. हे ऐकून मी, बडोद्याच्या मध्यमवर्गीय घरात वाढलेला माणूस, जे म्हणणार तेच म्हणालो. आमच्याकडे एक म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. तिचा इंग्रजीत अर्थ सांगितला. खाली आलात ते बरंच झालं, असंही म्हणालो.

तो हसला नाही. "अंथरूण आखूड आहे हे आम्हालाही दिसतं," तो म्हणाला. "पण ते कापलं कुणी, हे तुझी म्हण विचारत नाही."

आणि मग त्याने मला हिशेब मांडून दाखवला. जॉर्जियात कृष्णवर्णीयांसाठीचं लँड-ग्रँट कॉलेज, म्हणजे केंद्राच्या शेती-तंत्रशिक्षण निधीवर हक्क असलेलं, आधी सव्हानाचं होतं. १९४० च्या दशकात तो दर्जा काढून फोर्ट व्हॅलीच्या कॉलेजला दिला. बरं, फोर्ट व्हॅलीचं तरी भलं झालं का? मी भारतात परतल्यानंतर, २०२३ मध्ये, अमेरिकेच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी जॉर्जियाच्या गव्हर्नरना पत्र लिहून कळवलं, की गेल्या तीन दशकांत फोर्ट व्हॅलीला गोऱ्यांच्या जुन्या लँड-ग्रँट विद्यापीठाच्या तुलनेत सुमारे ६० कोटी डॉलर कमी मिळाले. ती बातमी त्याने मला पाठवली. सोबत एकच शब्द, "अंथरूण."

एसआयएसीची स्थापना १९१३ ची. दक्षिणेत तेव्हा गोऱ्यांच्या संघांशी खेळण्याची सोयच नव्हती, म्हणून कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांनी आपला गट बांधला. साल ऐकून मला राहवलं नाही. त्याच वर्षी आपल्या बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले होते. मी त्याला हे अभिमानाने सांगितलं. त्याने विचारलं, "मग परत आल्यावर तुमच्या शहराने काय केलं?" आता काय सांगणार? १९१७ मध्ये नोकरीसाठी आलेल्या त्या माणसाला इथे राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून हाकललं, आणि कमाटी बागेत झाडाखाली बसून त्यांनी रडून घेतलं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. तेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

तरीही माझं मत आजही तेच आहे, की सव्हाना स्टेटने योग्य केलं. अंथरूण कुणी कापलं हा प्रश्न खरा आहे आणि तो राज्य सरकारला, न्यायालयात, मतपेटीत विचारायला हवा. पण त्याचं उत्तर येईपर्यंत एकोणीस वर्षांच्या पोरांनी शंभर किलोच्या, दुप्पट तयारीच्या खेळाडूंसमोर उभं राहून चेक कमवत राहावं, हे मला पटत नाही. प्रतिष्ठा विद्यापीठाची आणि बरगड्या मुलांच्या.

आणि असं करणारं ते एकटं नाही. केंटकीतलं मोरहेड स्टेट, तेही सरकारी, २००१ पासून फुटबॉलपुरतं पायोनियर लीगमध्ये खेळतं. तिथे फुटबॉलसाठी शिष्यवृत्तीच देत नाहीत आणि बरेचसे सभासद लहान खासगी विद्यापीठं आहेत. बाकीचे खेळ ते वेगळ्या कॉन्फरन्समध्ये खेळतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या मॉरिस शाखेने तर लागोपाठ ४६ सामने हरल्यावर डिव्हिजन थ्रीचा रस्ता धरला. तिथल्या लोकांना कमीपणा वाटला असेलच.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, माझं परत यायचं तिकीट निघाल्यावर, सहकारी मला सव्हानाला घेऊन गेला. ओकची प्रचंड झाडं, त्यांच्यावरून लोंबणारं राखाडी शेवाळ, पलीकडे खाऱ्या पाण्याची दलदल. मैदान छोटंसं. सकाळपासून गाड्यांच्या मागे शेगड्या लागलेल्या, कोंबडी आणि मक्याचा धूर, आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या. मला तर गणपतीच्या मांडवामागच्या स्वयंपाकाची आठवण झाली. मध्यंतरात बँड आला तेव्हा सगळे उभे राहिले. खेळ चालू असताना शेगडीजवळच बसलेलेसुद्धा. ढोल इतके घुमत होते की छातीत जाणवत होते. सामना मला अर्धाच कळला. पण दोन्ही संघ एकाच मापाचे आहेत, हे कळायला नियम माहीत असावे लागत नाहीत. चेंडू इकडे जात होता, तिकडे जात होता, आणि शेवटच्या भागापर्यंत कुणी उठून गेलं नाही.

त्या पहिल्या हंगामात सव्हाना स्टेटने ७ सामने जिंकले, ३ हरले. आता फोर्ट व्हॅली आणि ऑल्बनी स्टेट ही जॉर्जियातलीच विद्यापीठं त्यांच्या गटात आहेत. बस सकाळी निघाली की रात्री मुलं आपल्या खोलीत.

गेल्या वर्षी आमच्या ताईच्या मुलीने मला विचारलं, "मामा, अमेरिकेत टेनिसवर स्कॉलरशिप मिळते ना? डिव्हिजन वनचीच बघू ना?" मी तिला सांगितलं, की डिव्हिजन टूमध्येही खेळावर शिष्यवृत्ती मिळते, बहुधा अर्धीमुर्धी, थ्रीमध्ये खेळावर नाही, पण अभ्यासावर मिळते. यादी करताना आधी बघ की तुला कोर्टवर उतरायला मिळेल का, आणि फी कोण भरतंय. ताई मध्येच म्हणाली, "अरे, पण लोकांना सांगताना वन बरं वाटतं." भाची काहीच बोलली नाही. तिच्या यादीत आता तिन्ही डिव्हिजनची नावं आहेत.

सहकाऱ्याची धाकटी बहीण सध्या सव्हाना स्टेटमध्ये नर्सिंगची तयारी करतेय. तो अजून मला पटलं असं म्हणत नाही. संघाचा उल्लेख आला की "आम्ही वर होतो तेव्हा" असंच वाक्य सुरू करतो. मात्र दर ऑगस्टला नव्या हंगामाचं वेळापत्रक मला न चुकता पाठवतो, आणि त्यात ऑल्बनी स्टेटच्या सामन्याभोवती पेनने गोल केलेला असतो.