टेकू

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४

उसाचा हंगाम तोंडावर आला की ट्रॉल्या दारात उभ्या राहतात. आजच्या डंपिंग ट्रॉलीची तक्रार अशी, की हौदा वर उचलला की हळूहळू खाली बसतो. "ऑइल तर कुठंच गळत नाही, मास्तर," मालक म्हणाले. उचललेलं तेल अडवून धरायचं काम व्हॉल्व्हचं. त्याच्या बैठकीत लोखंडाचा बारीक कीस अडकला, तर तेल आतल्या आत टाकीत परततं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. चाकांना उटी लावली, हौद्याखाली लोखंडी टेकू दिला, मगच पान्याला हात घातला. कीसच निघाला. तेल काळं पडलेलं, फिल्टर तुंबलेला.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली इथं पाबळला विज्ञान आश्रम काढला, तो हातानं काम करता करता शिकण्यासाठी. ज्या गावात हे घडलं तिथं हौदा उचलणारा जॅक नुसता फळ्यावर काढणं मला पटत नाही. म्हणून गॅरेजमधल्या पोरांपुढं जुना बाटली-जॅक खोलून ठेवला आणि गणित मग केलं. लहान दट्ट्या १ चौरस सेंटिमीटर, मोठा २० धरा. लहानावर ५० किलो जोर दिला की मोठा १,००० किलो पेलतो. पण तो १ सेंटिमीटर चढायला लहान दट्ट्यानं २० सेंटिमीटर तेल ढकलावं लागतं. मग तेच उलटं करायला लावलं. २० मिलिलिटर तेल, म्हणजे चार चमचे, निसटले की टनभर वजन एक सेंटिमीटर खाली येतं. २०० मिलिलिटर गेलं की दहा. गाडीखाली पडून काम करणाऱ्याची छाती आणि वरचं लोखंड यांत पुष्कळदा तेवढंच अंतर असतं. पोरं गप्प झाली. जॅक उचलण्यापुरता, वजन पेलायचं ते घोडीनं, म्हणजे लोखंडी टेकूनं, हे त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

होज पाइप बदलला. वरचं रबर तडकून आतली तार दिसत होती. गळती आहे का ते बघताना पोरगं पाइपावरून बोट फिरवायला निघालं, त्याला तिथंच थांबवलं. दाबाखालचं तेल सुईएवढ्या भोकातून कातडीत शिरतं. जखम टाचणीएवढी, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत मांस सडायला लागतं. अशा माणसाला मलमपट्टी करून घरी पाठवू नये, त्याला तातडीनं शस्त्रक्रिया लागते. आणि आमच्याकडून त्यासाठी शिक्रापूरमार्गे पुणं गाठायचं, तेही वाघोलीच्या कोंडीतून. गळती पुठ्ठा धरून बघायची. पाइप सोडायच्या आधी हौदा खाली, इंजिन बंद, लिव्हर पुढंमागं करून दाब सोडलेला.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

हत्यारं पुसली, झेंडू वाहिला. पूजेआधी जॅकचं तेल बदललं, घोड्यांच्या वेल्डिंगला कुठं चीर आहे का ते पाहिलं. १९४८ च्या कारखाने कायद्यानं उचलणाऱ्या यंत्रांची बारा महिन्यांतून एकदा जाणकाराकडून तपासणी सांगितली होती. दोन-तीन माणसांच्या गॅरेजपर्यंत असा कायदा पोचत नाही. लोखंड मात्र तितकंच जड असतं, म्हणून आमची तपासणी दसऱ्याला.

दुपारी मालक ट्रॉली न्यायला आले. नव्या टेकूचे पैसे वेगळे का, म्हणाले. वेगळेच धरलेत, आणि टेकू बिजागरीनं चासीलाच वेल्ड केलाय; सुटा दिला तर तो शेतात खुंटा म्हणून जातो.