‘स्वयं’ आणि ‘सेवक’

‘स्वयंसेवक’ हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो, की त्यातला ‘स्वयं’ बहुधा ऐकूच येत नाही. भाषेच्या अध्यापकाला अशा शब्दांपाशी अडून राहण्याची खोड असते. परवा ती एका विद्यार्थिनीने चाळवली. २०३०च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला होणार हे ठरल्यापासून तिथे स्वयंसेवक म्हणून जावे, असे तिच्या मनात आहे. तिने विचारले, “सर, पैसे तर देत नाहीत म्हणे. मग ती वेठच झाली ना?”

प्रश्न रास्त आहे. वेठ म्हणजे मोबदल्याविना आणि इच्छेविना करावे लागणारे काम. मोबदल्यापुरते पाहिले तर स्वयंसेवा वेठीच्या शेजारीच बसते. दोघींना वेगळे करते ती केवळ इच्छा.

१२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा मी एम.ए.ला होतो. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात एका दाराशी उभे राहून गळ्यातली ओळखपत्रे तपासणे, हे माझे काम. आठवडाभरात एकही सामना पाहिला नाही. आतला जल्लोष पाठीमागून ऐकू येई तेवढाच. एका संध्याकाळी एक कोवळी खेळाडू हरून बाहेर आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. काय बोलावे ते मला सुचेना. पाण्याची बाटली तिच्यापुढे ठेवली आणि ती उठेपर्यंत त्या बाजूने कुणाला जाऊ दिले नाही. नेमून दिलेल्या कामांत हे नव्हते. त्या आठवड्यात ‘स्वयं’ म्हणावे असे माझ्या हातून एवढेच घडले असावे.

अर्थात अशा आठवणींनी हिशेब मिटत नाही. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुमारे ७०,००० स्वयंसेवक राबले. राहण्याचा खर्च ज्याचा त्याने केला. तरीही अर्ज आले होते सुमारे २,४०,०००! प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक, बांधकामे यांत पैशाचा महापूर वाहत असताना सेवाभाव मात्र दारावर उभ्या असलेल्या पोराकडूनच का अपेक्षावा? उत्साहाने आलेल्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही, आणि व्यवस्थेला तो न सुचणेच सोयीचे असते.

आमच्या कोरेगाव तालुक्याला विनामोबदला श्रम अपरिचित नाहीत. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगाव होता आणि पहिला क्रमांक आला तो इथल्याच वेळू गावाचा. तीही स्पर्धाच, पण चर खणणाऱ्याला पाणी कुणाच्या शिवारात मुरणार हे ठाऊक होते. म्हणून ते श्रमदान, आणि बालेवाडीचे ते फुकटचे राबणे, असे म्हणून मोकळे होता येईल का? मला तसे वाटत नाही. श्रमदानात भूमिहीनही टिकाव उचलतो, आणि वाढलेले पाणी लागते ते विहीर असणाऱ्याच्या विहिरीला. तेव्हा फळ कुणाला मिळते, एवढ्या एकाच कसोटीने दान आणि वेठ यांची निवड करता येत नाही. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत होते का?

या कसोटीला आपली महाविद्यालयेही कितपत उतरतात? राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास सेवा अपेक्षित असते. तास, हजेरीपट, प्रमाणपत्र अशा क्रमाने ती कागदावर चढते आणि मुले गुणांच्या आशेने रांगेत उभी राहतात. पुढे एखाद्या आयोजकाने पन्नास मुले मागितली, की आपण यादी पाठवून देतो. यादीतल्या मुलांना विचारतो का? असो.

त्या मुलीला मी एवढेच म्हणालो, “अवश्य जा. मात्र काम काय, किती तास, जेवणखाण नि मुक्काम कुणाकडे, हे आधी विचारून घे. आणि एखादे काम पटले नाही, तर नको म्हण.”

ती म्हणाली, “सर, नको म्हटल्यावर प्रमाणपत्र देतील का?”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.