रॅमचे शेजारी

जालन्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मत्स्यटाकीतला रॅम मात्र खुशीत असतो. निळ्या ठिपक्यांचा हा बोटभर सिक्लिड मूळचा व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्याचा. 27 ते 30 अंशांचं पाणी त्याला मानवतं.

शेजारी निवडताना इथूनच चाळणी लागते. गोल्डफिशला गार पाणी हवं, म्हणून तो बाद. टायगर बार्ब देखणा खरा, पण दुसऱ्याचे पर कुरतडायची त्याची खोड सुटत नाही. कार्डिनल टेट्रा ऊब सोसतात, मधल्या थरात थव्याने फिरतात. त्यांना निर्धास्त पाहून लाजाळू रॅमही झाडोऱ्यातून बाहेर येतो, आणि हौशी माणूस टाकीपुढून हलत नाही. तळाला स्टर्बाय कोरिडोरास शोभतात. एवढंच की रॅमची जोडी सपाट दगडावर अंडी घालून राखण करते, आणि ही मिशाळ मंडळी अंधारात ती फस्त करतात. पिल्लं हवी असतील तर जोडीला वेगळी टाकी द्यावी.

खरा पेच पाण्याचा. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बहुधा जड. रॅमला मऊ लागतं. पागोळीचं स्वच्छ पाऊसपाणी गाळून मिसळावं, तेही थोडं थोडं. गप्पी-मॉली जड पाण्यात मजेत वाढतात. शांत स्वभावाच्या म्हणून त्यांना रॅमसोबत सोडायचा मोह होतो, पण मऊ पाण्यात मॉली खंगते.