मेहेरची रक्कम

आमचे जुने लेख इंटरनेटवर ठेवले, तेव्हा भाचा म्हणाला, "मामू, किती माणसं येतात ते आता रोज कळेल." झाले! सकाळच्या चहाआधी आम्ही आकडा पाहू लागलो. आठवड्यात तो चांगलाच वाढला. आम्ही खूश. मग भाच्याने उलगडा केला, त्यातल्या बहुतेक फेऱ्या आमच्याच होत्या!

पुढे त्याने गुगलचे 'सर्च कन्सोल' दाखवले. लोक काय शोधत असताना आपला लेख समोर आला, किती वेळा दिसला, किती वेळा उघडला गेला, याचा 16 महिन्यांपर्यंतचा हिशेब त्यात मिळतो. वाटले होते, लोक आमचे नाव शोधत असतील. ते कुठेच नव्हते. ईदच्या लेखामुळे शिरखुर्मा सर्वांत वर होता. पण खालच्या एका ओळीवर आम्ही थबकलो : 'तलाकनंतर मेहेरची रक्कम कशी मागावी'.

ही ओळ आमच्या अम्मीच्या निकाहवरील लेखाकडे येत होती. अब्बांनी मेहेरची रक्कम दर पगाराला थोडी थोडी करून कशी फेडली, ते आम्ही त्यात कौतुकाने लिहिले होते. लेखाची तारीफही झाली होती. पण रात्री दार लावून हा प्रश्न टाइप करणाऱ्या बाईला त्यात काय मिळाले असेल? दुसऱ्या कुणाच्या नेक शोहरची गोष्ट!

आम्ही एकच बाई डोळ्यांसमोर आणत होतो. भाचा म्हणाला, "मामू, फार थोड्या लोकांनी विचारलेला प्रश्न इथे दाखवतच नाहीत. विचारणारा ओळखू येऊ नये म्हणून." म्हणजे ती ओळ दिसते आहे, याचा अर्थ असे विचारणाऱ्या पुष्कळ आहेत. त्या रात्री झोप लागली नाही.

मग वकील मित्राला विचारून लेखाखाली चार ओळी जोडल्या. तलाकपीडित स्त्रीला ठरलेली मेहेर मिळण्याचा हक्क 1986 च्या कायद्यात आहे. ती दिली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. इद्दतीच्या काळातच पुढच्या आयुष्याची तरतूद पतीने करायची, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सांगितले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144) पोटगी मागण्याचा मार्गही तिला खुला आहे, हे 2024 मध्ये स्पष्ट केले. आणि 1987 च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जायचे.

इतकी वर्षे आम्ही समाजासाठी लिहितो असे म्हणत आलो. समाज काय विचारतो आहे, हे मात्र त्या एका ओळीने प्रथम सांगितले.

आकडा आम्ही अजूनही पाहतो. ती ओळ अजून तिथे आहे. कुणाला तिची रक्कम मिळाली का, ते मात्र त्या हिशेबात येत नाही.