वाळलेली शाई

गेल्या रविवारी आमच्या घरी पाच माणसं, एकोणीस पेनं आणि शाईच्या सात बाटल्या जमल्या होत्या. आईने चहाचं आधण दुसऱ्यांदा ठेवताना मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "ह्या लोकांना घरी काही कामं नाहीत का रे?"

खरं तर प्रत्येकाला घरी भरपूर कामं आहेत. पण शाईपेनवाल्यांचं असंच असतं. एकट्याने लिहून समाधान होत नाही, ते पेन दुसऱ्याच्या हातात देऊन "बघ, कसं चालतं" असं म्हटल्याशिवाय चैन पडत नाही. आमचा डोंबिवलीचा मावसभाऊ पूर्वी मानकोलीला यायचं म्हटलं की कल्याण नाहीतर ठाण्याचा वळसा आठवून टाळायचा. २०२४ मध्ये खाडीवरचा मोठागाव-मानकोली पूल सुरू झाला आणि त्याचा हा बहाणा संपला. त्याच्या येण्याजाण्यातूनच हे प्रकरण सुरू झालं.

नियम एकच ठरवला होता. प्रत्येकाने आपलं सगळ्यात आवडतं एक पेन आणि एक शाई पुढे ठेवायची, का आवडते ते सांगायचं आणि मग बाकीच्यांनी त्याने दोन ओळी लिहून बघायच्या. (एकोणीस पेनं कशी आली ते विचारू नका. एकावर कोणाचं भागतंय!) गंमत म्हणजे नवीन पेन हातात आलं की माणूस काय लिहितो? स्वतःचं नाव! साठीचा माणूस असो की कॉलेजातली मुलगी, पहिलं नाव, मग सही, मग उगाच चार वेलांट्या.

सुरुवात अंजूरच्या सरांनी केली. सर निवृत्त शिक्षक, आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. त्यांचं पेन एअरमेलचं, मुंबईत बनलेलं, ड्रॉपरने शाई भरायचं. शाई अर्थातच कॅमलची रॉयल ब्लू. सरांच्या म्हणण्याप्रमाणे ह्या शाईइतकी मराठी शाई दुसरी नाही. दि. प. दांडेकर आणि त्यांचे बंधू गो. प. दांडेकर यांनी १९३१ साली गिरगावात धंदा सुरू केला तेव्हा पहिला माल होता हॉर्स ब्रँडची शाईची पूड आणि गोळ्या. पाण्यात घातल्या की शाई तयार. उंट नंतर आला, घोडा आधीचा! फाउंटन पेनची कॅमल शाई निघाली तेव्हा बाजारात विलायती शाईचा जोर होता, आणि तिच्यापुढे ही देशी शाई टिकली. २०११ मध्ये कंपनीचा मोठा हिस्सा जपानच्या कोकुयोकडे गेला, पण सरांच्या लेखी ती अजून दांडेकरांचीच शाई आहे.

ड्रॉपरच्या पेनाची एक खोड सरांनी समजावून सांगितली, ती मला इतक्या वर्षांत कळली नव्हती. असलं पेन भरलेलं असताना शहाण्यासारखं वागतं आणि शाई संपत आली की कागदावर थेंब टाकतं. का? तर टाकी रिकामी होते तशी आत हवा वाढते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून अर्धी शाई संपली की भरून टाकायची. शाळेत असताना गणिताच्या वहीवर पडलेल्या त्या सगळ्या डागांचं कारण मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी समजलं. तेव्हा आम्ही फक्त खडूचा तुकडा डागावर टेकवायचो आणि तो निळा होताना बघत बसायचो.

मावसभावाने जपानी पेन आणि पायलटची इरोशिझुकू शाई काढली. रंग सुंदर, पावसाळ्यात संध्याकाळी खाडीवर दिसतो तसला निळा. पण खरी मजा पुढेच. त्याने ती बाटली डोंबिवलीत बसून ऑनलाइन मागवली आणि पार्सल कुठपर्यंत आलं ते बघितलं तर माल निघाला भिवंडीतून! म्हणजे आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या एखाद्या गोडाऊनात ती बाटली पडून असणार, आणि तीच घेऊन तो परत आमच्याकडे आला.

तिसरे आमच्या नाक्याजवळच्या एका गोडाऊनमधले सुपरवायझर. त्यांच्याकडे हिरो, शांघायचं, निब झाकलेली आणि क्लिप बाणासारखी. दहावी पास झाल्यावर वडिलांनी दिलेलं. ते म्हणाले, "दिवसभर बॉलपेनच वापरतो. चलन तीन प्रतींत असतं, खाली कार्बन. दाब दिल्याशिवाय तिसऱ्या प्रतीवर काही उठत नाही, आणि शाईपेनाला दाब दिला तर निब फाकते." आपण म्हणतो बॉलपेन स्वस्त म्हणून जिंकलं, पण आमच्या भागात तरी ते कार्बनमुळे जिंकलं असावं. जिथे रोज हजारो चलनं फाडली जातात तिथे हलक्या हाताने लिहिणाऱ्या पेनाचं काय काम? सुपरवायझर रात्री घरी गेल्यावर हिरोने डायरीत एक पान लिहितात.

कॉलेजातल्या मुलीने साधं पारदर्शक पेन आणलं होतं, आत शाई हलताना दिसते म्हणून. शाई मात्र सुलेखा. १९३४ साली बंगालात मैत्र बंधूंनी स्वदेशीच्या ओढीने काढलेली. मधे कित्येक वर्षं बंद पडलेली ही शाई २०२० पासून पुन्हा मिळायला लागली. त्यावरून सरांनी राजमहेंद्रीच्या रत्नम पेनाची गोष्ट सांगितली. ते देशी पेन गांधीजींना पाठवलं होतं आणि त्यांनी १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्र लिहून आभार मानले. एका पिढीने दौतीत आणि टोपणात स्वातंत्र्य शोधलं होतं, हे ह्या मुलीला आमच्याहून जास्त ठाऊक होतं.

मग माझी पाळी आली.

मी जे पेन पुढे ठेवलं ते माझं नाही, बाबांचं आहे. काळं विल्सन, टोपणाचा सोनेरी मुलामा उडालेला. बाबा भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात तीस वर्षं मेहताजी होते. सकाळी लूमची खडखड, संध्याकाळी शेत, आणि मधे किर्द आणि खतावणी. शाई नेहमी ब्लू-ब्लॅक. जुन्या पद्धतीच्या ब्लू-ब्लॅकमध्ये लोहाचा क्षार असायचा. लिहिताना निळी दिसते, हवा लागली की हळूहळू काळी पडते आणि मग पाण्याने जात नाही. हिशेबाच्या माणसाला अशीच शाई लागते.

२००५ साली आमची खाडीकडची शेती विकली गेली. तेव्हा मुंबईला जकात होती. नाक्याच्या अलीकडे माल साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, म्हणून आमच्या पट्ट्यात गोडाऊन उगवत होती. (२०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोडाऊन काही गेली नाहीत, उलट मोठी झाली.) आजूबाजूची सगळी शेतं गेली, मधे आमचं एकटं भात किती दिवस उभं राहणार? पाण्याच्या वाटासुद्धा बुजल्या होत्या. बाबांनी खरेदीखताच्या प्रत्येक पानावर त्या विल्सनने सही केली, टोपण लावलं आणि घरी आले.

त्यानंतर ते दोन रुपयांच्या बॉलपेनने लिहायला लागले. मला वाटलं पेन बिघडलं असेल. विचारलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत कपाटात जुन्या सातबाऱ्यांच्या पिशवीत मला ते सापडलं. मी आनंदाने वेडाच झालो! कोणाला न विचारता उघडलं. निब आणि जीभ एकमेकांना चिकटून दगड झाली होती. रात्री कोमट पाण्याच्या ग्लासात टाकलं. (गरम पाणी वापरू नका, जुनी पेनं वाकतात.) सकाळी ग्लासात निळी रेघ खाली उतरत होती, तळाशी काळे कण. पाणी बदललं, पुन्हा निळं. असं तीन दिवस.

तिसऱ्या दिवशी बाबा चहा घेऊन आत आले आणि ग्लासाकडे बघत उभे राहिले.

"धुतलंस?"

"हो! एकदम मोकळं झालं बघा."

"त्या दिवसाची शाई होती त्यात," एवढंच म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तुम्हाला सांगतो, इतकं अपराधी मला कधी वाटलं नव्हतं. मला ती घाण वाटत होती, आणि त्यांनी ती वीस वर्षं जपून ठेवलेली. मी ती बेसिनमध्ये ओतून दिली. माफी मागायची तर कशाची? "पाणी ओतलं" म्हणून?

शेवटी मी पेनात नवी ब्लू-ब्लॅक भरली, एका दोनशे पानी वहीवर ठेवलं आणि ती वही त्यांच्या पलंगाशेजारी ठेवून दिली. काही बोललो नाही. आठ दिवस वही तशीच. नवव्या दिवशी दुपारी आतून आवाज आला, "अरे, टीपकागद आहे का घरात?"

टीपकागद कुठला असणार! मी वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन गेलो. बाबांनी पहिलं पान भरलं होतं, तेच वळणदार मेहताजी अक्षर, थोडं थरथरलेलं. शेतांची नावं होती. वडाखालचं. उंबराची पट्टी. आजीचं खाचर. खारीतलं मोठं, आणि पुढे कंसात 'राता भात, खारं पाणी चढलं तरी येतं'. किती गुंठे, कोणाच्या बांधाला बांध, पाणी कुठून यायचं. आमच्या सातबाऱ्यांवर नुसते नंबर होते. ही नावं कुठेच लिहिलेली नव्हती. मला त्यातली तीनच माहीत होती, माझ्या मुलाला एकही नाही.

रविवारी मी ह्यातलं काहीच सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, बाबांचं पेन आहे. सरांनी हातात घेतलं, लिहून बघितलं तर खरखर. मावसभावाच्या हातातही तेच. सर म्हणाले, "हे तुमच्या वडिलांच्या हाताला घासलंय. तीस वर्षं एकाच कोनात लिहिलं की निबेचं टोक तसंच झिजतं. दुसऱ्याला नाही चालायचं."

बाबा ओट्यावरून ऐकत असावेत. आत आले, पेन घेतलं, सगळ्यांच्या सह्यांच्या त्या कागदावर खाली एक शब्द लिहिला. निबेने आवाजसुद्धा केला नाही.

आम्ही सगळ्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. बाबांनी लिहिलं होतं, 'वडाखालचं'.

"हे काय?" मुलीने विचारलं.

बाबांनी खिडकीतून बोट दाखवलं. "ते निळ्या पत्र्याचं गोडाऊन दिसतंय ना, त्याच्या खाली आहे."

सुपरवायझर एकदम गप्प झाले. ते तिथेच कामाला आहेत.

असो, फारच लांबलं. वहीची बावीस पानं झाली आहेत आणि सध्या बांधांवरच्या झाडांचं चाललंय. तुमच्याही घरी कपाटात कुठेतरी एखादं वाळलेलं शाईपेन असेल. बहुतेक सगळी पुन्हा चालू होतात, साधं कोमट पाणी आणि तीन-चार दिवस पुरतात. फक्त पाण्यात टाकायच्या आधी घरात एकदा विचारून घ्या.