पाणी चढतं त्या पायऱ्या

वाईकराला गावाबद्दल विचारा, तो आधी ढोल्या गणपती सांगेल, मग घाट, मग मराठी विश्वकोश, आणि ऐकणारा अजून उभा असला तर मेणवलीत ‘स्वदेस’चं शूटिंग झालं होतं हे. नेदरलँड्समध्ये आल्यावर मीही बरेच दिवस हीच यादी म्हणून दाखवत असे. नदी त्या यादीत नसायची. दारातल्या नदीचं काय सांगायचं?

मी आता राहतो त्या नाइमेखनलाही नदी दारातच आहे. वाल तिचं नाव. ऱ्हाइनचा हा मोठा फाटा. रुंद, मातकट, मालवाहू बोटींनी सदा गजबजलेली. १९९५च्या हिवाळ्यात इथल्या नद्या अशा फुगल्या की बांध टिकतील याची खात्री उरली नाही आणि सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. शतकानुशतकं बांधांच्या भरवशावर जगलेला देश. तो आता बांध आणखी उंच करत सुटेल, असंच कोणालाही वाटलं असतं. पण नाइमेखनसमोरच्या लेंटमध्ये डचांनी बांध ३५० मीटर मागे घेतला, वाटेतली घरं पाडली आणि पाण्याला आणखी एक पात्र खणून दिलं. उन्हाळ्यात पोरं त्यात डुंबतात. पुरात ते भरतं, आणि कोणी घाबरत नाही. भरण्यासाठीच तर खणलंय.

त्या पात्राच्या कडेने सायकलवरून येता-जाता माझ्या मनातला वाईचा गणपती घाट हळूहळू उलटा होत गेला. घाट म्हणजे माणसांनी नदीपर्यंत उतरायची सोय, धुणी, आंघोळी, दिवे सोडणं, सगळं खाली जाऊन करायचं. पण पायऱ्या पाण्यालाही चढता येतात. उन्हाळ्यात आमची कृष्णा नदी तळाशी असते. पावसाळ्यात ती एकेक पायरी वर येते आणि गाव ‘आज कुठवर चढलंय?’ म्हणून बघायला जातं. इथपर्यंत नदी आणि इथून पुढे गाव, अशी ठाम रेघ तिथे कोणी मारलेलीच नाही.

ढोल्या गणपतीचं देऊळ तर पुराच्या वाटेतच उभं आहे. गणपतराव रास्त्यांनी ते १७६२ मध्ये बांधलं. पुढून जाणाऱ्याला मूर्तीचा अवाढव्य घेर दिसतो, आणि तो दिसला की डोळ्यांचं काम संपतं. मागची भिंत मात्र सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगावा आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जावा, म्हणून. पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने असंच टोक काढतात. आम्हा पोरांच्या लेखी त्या भिंतीचा उपयोग एवढाच, की तिच्यावर मारलेला टेनिस बॉल कुठे उडेल याचा नेम नसे.

म्हणून वाई आधीच शहाणी होती आणि डचांना उशिरा सुचलं, असली फुशारकी मला मारायची नाही. गावाच्या सात घाटांत एकाचं नाव ब्राह्मणशाही आहे. लहानपणी ते नुसतं पत्त्यात यायचं. आता ते उच्चारताना, इथे पाण्यापर्यंत कोणाला उतरू देत असतील, हा प्रश्न मधेच आडवा येतो. हिवाळ्यापासून प्रत्येक घाटावर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो, तिची मूर्ती मांडवात बसते, प्रसादाच्या पंगती उठतात. आणि त्याच पायऱ्यांवरून निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात जातं. वर धोमला धरण झालं, तेव्हापासून पाणी किती चढायचं हे बरंचसं धरणाचे दरवाजे ठरवतात. पुराचा धाक ओसरला की नदीकडे बघणंही कमी होतं, असं माझं मत आहे. मलाही नदीकडे बघणं सुचलं ते उशिरा, आणि दुरून.

महाबळेश्वरला निघालेली मंडळी वाईत थांबतात, गणपतीला नारळ वाढवतात आणि लगेच गाडीत बसतात. पुढच्या वेळी देवळाला वळसा घालून मागच्या भिंतीपर्यंत जा. जमलं तर पावसाळ्यात जा. पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेवढं जपून.