नागपूरचा उन्हाळा, पिंपरी-चिंचवडचा पावसाळा

माझे शिक्षण नागपुरात झाले आणि अध्यापनाची सारी वर्षे पिंपरी-चिंचवडमध्ये गेली. त्यामुळे दोन्ही शहरांचे ऋतू मी अंगावर घेतले आहेत. वसतिगृहात विदर्भातून नव्याने आलेली मुले जुलैमध्ये हमखास विचारतात, "सर, इथला पाऊस थांबतो तरी केव्हा?"

आकडे मात्र वेगळेच सांगतात. नागपुरात वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो; पुणे परिसरात सुमारे ७०० मिलिमीटर. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात. लोणावळ्यात ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडे चाकणपर्यंत तो झपाट्याने कमी होतो. आपल्या वाट्याला उरते ती रिपरिप. नागपूरचा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर येतो, धो धो कोसळतो आणि मग उघडीप देतो. उद्योगनगरीची तहान भागते ती मावळात पडलेल्या पावसावर, पवना धरणाच्या पाण्यावर.

उन्हाळ्यात फरक अधिक जाणवतो. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर, समुद्रापासून दूर. मे महिन्यात तेथील कमाल तापमान सरासरीनेच ४२ अंशांच्या आसपास असते. नवतपात रात्रीही भिंती धग सोडतात. सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या आपल्या शहरात दुपार ३७-३८ अंशांची असते आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. हिवाळ्यात मात्र दोन्ही शहरे एकमेकांच्या जवळ येतात. पहाटेचा पारा ११-१२ अंशांपर्यंत उतरतो.

आपल्या इतिहासातील दोन तारखाही ऋतूंसह आठवाव्यात. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती ऐन थंडीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या मैदानावर लाखोंचा समुदाय जमला, तो पावसाळा सरता सरता. डोक्यावर छप्पर नव्हते, तरी माणसे उभी राहिली.

छपराचा हा प्रश्न आजही सुटलेला नाही. वर्तमानपत्रात छापलेले तापमान सावलीत, हवेशीर पेटीत मोजलेले असते. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत राबणारी अनेक कुटुंबे पत्र्याच्या खोल्यांत राहतात. रात्रपाळी करून आलेला बाप दुपारी त्याच तापल्या पत्र्याखाली झोपण्याचा प्रयत्न करतो. पुण्याकडची हवा चांगली, हे वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. एकाच शहरात दोन हवामाने नांदतात आणि त्यांच्यामधली सीमारेषा माणसाच्या मिळकतीने आखलेली असते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. येत्या एप्रिलमध्ये आठवडाभर, दुपारी दोन वाजता, मुलांना आपापल्या राहत्या खोलीतील तापमान वहीत लिहू द्या. शेजारी छप्पर कशाचे आहे, तेही लिहू द्या. इतिहास लिहिण्यासाठी साधने लागतात, आणि अशा नोंदी इतर कोणी आपल्यासाठी ठेवणार नाही.